दीड की अडीच

प्रिय ठकू,

दादाने हे पाकीट हातात ठेवलं की आधी तुझ्या मनात येईल, रोज दोनदा फोन करणारी ही बाई आता कागद कशाला खराब करतेय. घाबरू नकोस. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. बाबांची शुगर प्रवासात शहाण्यासारखी वागली, आणि माझा गुडघा इथल्या दमट हवेला नावं ठेवत का होईना, चालतोय. हे सगळं फोनवर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला. पण मी जरा मुद्द्याकडे सरकले की तू 'बरं, ठेवू का?' म्हणतेस, आणि खरं सांगायचं तर मला तेवढं निमित्तच हवं असतं. म्हणून लिहायला बसले. दादाची रजा संपलीय, तो गुरुवारी निघेल. आम्ही अजून तीन आठवडे आहोत. पाकीट मी स्वतः डिंकाने चिकटवलंय, आणि आत काय आहे ते दादाला माहीत नाही.

सहा वर्षं ज्या घरात काढली तिथे पुन्हा सगळ्यांनी मिळून राहायचं, ही बाबांची हौस. निवृत्त झाल्यापासून त्यांनी धोशा लावला होता. तू मात्र एका वाक्यात विषय मिटवलास. 'तिथे जाऊन भेटायचं कुणाला? ज्या माऊने मला सांभाळलं, तिने तर साधा निरोपही घेतला नाही.' चौतीस वर्षांची तू, पण हे बोललीस ते सहा वर्षांच्या आवाजात. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही. त्याच आठवड्यात तू छोटीला सांभाळणारी तिसरी बाई बदललीस. तुझा तो नियम मला कधी पचला नाही. बाई कितीही चांगली असो, तीन महिने झाले की तिला रजा द्यायची, म्हणजे मुलीला लळा लागणार नाही. दुसरी ती ठेंगणी, छोटीला कडेवर घेऊन जिन्याच्या पायऱ्या मोजायची, ती जाताना दारात रडली होती. लळा लागला की माणूस एक दिवस न सांगता निघून जातं आणि मग पोरीचे हाल होतात, असं तू जावईबापूंना समजावत होतीस. ते माझ्याकडे बघत होते, सासूबाई काहीतरी बोलतील म्हणून. मी काय बोलणार? हे शहाणपण तुला कुणी शिकवलं ते मला पक्कं ठाऊक होतं.

घर तेच आहे, म्हणजे भिंती त्याच आहेत. कारखान्याने आपल्या जुन्या क्वार्टर्स विकून टाकल्या आणि नवा मालक त्या महिन्याच्या बोलीवर पाहुण्यांना देतो. दादा आल्या दिवशी सगळ्या खोल्या पावलांनी मोजत फिरला आणि प्रत्येक खोली लहान झाल्याची तक्रार बाबांकडे केली, जणू बाबांनीच ती धुताना आटवली. हवा मात्र तिळभर बदललेली नाही. काडेपेटी ओढली तर पेटत नाही, मिठाच्या बरणीत चमचा उभा राहतो, आणि बाबांच्या चामडी बुटांवर तिसऱ्या दिवशी हिरवी बुरशी आली. दुपारी तीनला पाऊस येतो, चारला जातो. खिडक्यांच्या लाकडी पट्ट्या अजून त्याच करकरतात. मागच्या बाजूची खिडकी मी आल्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडलीच नाही. तिथून माऊची खोली दिसायची, आठवतंय? आता तिथे पाण्याची टाकी आहे. टाकी बघून मला बरं वाटलं. वाटलं, संपला विषय.

बाबांना दुसऱ्याच दिवशी बर्फाचा कारखाना बघायचा होता. आतलं निम्मं सामान नवं आहे, पण मिठाच्या पाण्याचा हौद आणि त्यात बुडवलेले पत्र्याचे साचे तसेच. अमोनियाचा तो नाकात जाणारा वास, पाय ठेवताच अंगावर येणारा गारवा, आणि बाहेर मासळीच्या गाड्यांची रांग. बाबा दाराशी अवघडून उभे होते. तिथला तरुण मॅनेजर त्यांना समजावून सांगत होता, की लादी साच्यातून सुटावी म्हणून साचा आधी साध्या पाण्यात बुडवतात. ज्या माणसाने दहा वेळा तो हौद दुरुस्त केला त्याला! बाबा बिचारे 'हो का, हो का' करत ऐकत होते. तेवढ्यात क्रेनवरून एक म्हातारा ओरडला, 'अहो!' आणि मी दचकून मागे वळले. मी इथे उभी, मग यांना अहो म्हणणारं हे दुसरं कोण?

मग हसू आलं. तुला हे माहीत नसेल, तू लहान होतीस. माऊ आपल्याकडे आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता आणि मला इथल्या भाषेचा. मी बाबांना दिवसभर 'अहो, अहो' करायचे, तर तिला वाटलं हे त्यांचं नावच. ती त्यांना अहो म्हणू लागली, डबा घेऊन कारखान्यात गेली की फाटकावर 'अहोचा डबा' म्हणून सांगू लागली, आणि महिनाभरात सगळा कारखाना त्यांना अहो साहेब म्हणू लागला. बाबांनी कुणाला दुरुस्त केलं नाही. म्हणाले, घरात एक बायको म्हणते, इथे सत्तर जण म्हणतात, माझं काय बिघडलं. तो क्रेनवाला खाली उतरला, बाबांच्या गळ्यात पडला, आणि बाबा त्या थंडगार जागेत उभे राहून घळाघळा रडले. मला तेव्हाच तिथून निघायला हवं होतं. कारण क्रेनवाल्याने डोळे पुसले आणि पुढचंच वाक्य बोलला ते माऊबद्दल. ती आहे. बाजाराच्या मागे एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत राहते. तुम्ही आलाय हे तिला कळलंय का?

बाबा आणि दादा तडक जायला निघाले होते. मी गुडघा पुढे केला. दुसऱ्या दिवशी ऊन पुढे केलं, तिसऱ्या दिवशी पोट. पाचव्या दिवशी कारणं संपली. बाबा म्हणाले, तुझं काय ते एकदा ठरव, ज्या बाईने आपली पोरं वाढवली तिला भेटायला तुला एवढं जड का जातंय? त्यांनी सहज विचारलं होतं. मी साडी बदलायला आत गेले.

जड का जात होतं ते सांगते. तेव्हा मी तुझ्या आत्ताच्या वयाची होते. तू आठ महिन्यांची असताना आपण इथे आलो आणि दोन महिन्यांत मला बंदरावरच्या इस्पितळात रक्त तपासायची नोकरी मिळाली. घरात बसून मला कंटाळा यायचा, हेही खरं आहे. सकाळी सातला जायचे ती चारला यायचे, आणि तेवढ्या वेळात तू माऊची होतीस. तिने तुला चालायला शिकवलं. तुझं पहिलं वाक्य मला कळलं नाही, कारण ते तिच्या भाषेत होतं. मी तिला विचारलं, ही काय म्हणतेय? ती म्हणाली, बाई, ती म्हणते, ही पांढऱ्या कोटातली आली. आम्ही दोघी हसलो. मी जरा जास्तच हसले.

तू साडेतीन वर्षांची असताना तुला ताप आला. माऊने तुला इस्पितळात आणलं, नर्सने बोटातून रक्त घेतलं आणि ती स्लाइड माझ्याच टेबलावर आली. मी रंग दिला, काच धुतली, सुकवली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. हिवताप होता. एका नजरेत दिसावा इतका. रोज पन्नास माणसांचा बघायचे, पण त्या दिवशी वहीत नोंदही केली नाही. तशीच पळत वॉर्डात गेले. तू माऊच्या मांडीवर होतीस. मी हात पुढे केले तशी तू तोंड फिरवलंस आणि तिच्या कुशीत घुसून किंचाळलीस. त्या पांढऱ्या कोटालाच घाबरली असशील, तिथे सगळे तसलेच कोट घालून टोचत होते. हे मला आज समजतं. तेव्हा मी वॉर्डात सगळ्यांदेखत हात पसरून उभी होते आणि माझी मुलगी दुसऱ्या बाईला चिकटून रडत होती. माऊने तुला माझ्याकडे द्यायचा प्रयत्न केला, त्याचा तर मला जास्त राग आला.

तशी मी तिच्याशी वाईट वागले असं नाही. उलट तिला मराठी मीच शिकवलं. म्हणजे मुलांशी बोलताना जे तिच्या कानावर पडलं तेच ती शिकली. त्यामुळे ती जगातल्या प्रत्येकाला अरे-तुरे करायची आणि निम्मी वाक्यं 'नको' आणि 'लवकर' अशी असायची. तुझ्या बाबांच्या साहेबाला तिने एकदा 'पाय पूस आणि आत ये' म्हटलं होतं. फक्त एका जागी तिची गाडी अडायची. साडेतीन आहे, साडेचार आहे, मग साडेएक का नाही, साडेदोन का नाही? दीड आणि अडीच हे दोन शब्द तिला शत्रूसारखे वाटायचे. दीड म्हटलं की ती बोटं मोजायची आणि अडीच म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघायची. एकदा तिने दीड कपाऐवजी अडीच कप दूध घालून पिठाचं पार पाणी केलं. बाबा तिला मुद्दाम विचारायचे, 'माऊ, किती वाजले?' आणि काटा नेमका दीडवर असायचा. मग मीच एके रविवारी भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं आणि काटे फिरवून फिरवून तिच्याकडून दोन्ही घोटून घेतले. महिनाभरात ती एकदाही चुकेनाशी झाली. पण घरातली थट्टा काही थांबली नाही. चूक सुधारली तरी नाव जात नाही ना, तसं.

मग बाबांचा करार संपला. निघायच्या आधीच्या आठवड्यात आपण जेवायला बसलो होतो आणि तू घास गिळून अगदी सहज म्हणालीस, तुम्ही सगळे जा, मी माऊकडे राहते. दादा खिदळला, बाबाही हसले. तू हसत नव्हतीस. तू मला समजावून सांगत होतीस, की तुझे कपडे तिच्या खोलीत मावतात, तू बघून ठेवलंयस. त्या क्षणापासून मला एकच दिसायला लागलं. बोटीचा धक्का, सगळा कारखाना निरोप द्यायला आलेला, आणि तू माऊचा हात सोडत नाहीस.

यापुढचं माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. निघायच्या दिवशी सकाळी तुझ्या सँडलचा पट्टा तुटलेला होता. चार दिवस तुटलेलाच होता, मी मुद्दाम ठेवला होता. मी माऊला त्या सँडल देऊन बाजाराच्या पार टोकाच्या चांभाराकडे पाठवलं. म्हटलं, घाई करू नकोस, घरी परत येऊ नकोस, तिकडून परस्पर धक्क्यावर ये. बोट अडीचला आहे. ती तुझ्या गालाला हात लावून गेली, कारण दुपारी भेटणारच होती. बोट दीडला होती, ठकू. हाच शब्द मी का निवडला? बारा सांगता आलं असतं, चार सांगता आलं असतं. पण उद्या कुणी विचारलंच, तर माऊचं दीड-अडीच सगळ्यांना माहीत होतं. एवढा विचार केला होतास का, असं तू विचारशील. केला होता.

बोटीवर तू दादाचे मोठे बूट घालून कठड्याशी उभी होतीस. माऊ कुठाय, विचारलंस. मी म्हटलं, तिला दुसरीकडे काम मिळालंय, ती म्हणाली तिला वेळ नाही. तू विचारलंस, मग माझ्या सँडल? मी म्हटलं, नव्या घेऊ. तू पुन्हा विचारलं नाहीस. रडली नाहीस. घरी पोचेपर्यंत तू तिच्या भाषेतला एक शब्दही उच्चारला नाहीस आणि नंतरही कधी नाही. मला बरं वाटलं. हे लिहिताना शरमेने मान खाली जातेय, पण तेव्हा बरं वाटलं, की मुलगी आता माझी झाली. तू माझी झाली नाहीस. तू कुणाचीच झाली नाहीस. शाळेतल्या मैत्रिणीपासून नवऱ्यापर्यंत प्रत्येकाला तू हातभर लांब ठेवलंस, आणि मी लोकांना सांगत राहिले, आमची ठकू मुळातच अबोल.

तर त्या पाचव्या दिवशी आम्ही तिघं तिच्याकडे गेलो. शिंप्याच्या दुकानातून आत एक बोळ आहे, त्याच्या शेवटी तिची खोली. दाराशी उजेडात बसून ती शर्टाची काजं करत होती. त्र्याहत्तर वर्षांची आहे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, पण टाका इतका बारीक की मला पाहून लाज वाटावी. तिने वर पाहिलं. बाबांकडे, दादाकडे, मग माझ्याकडे. सुई शर्टात टोचून ठेवली आणि चक्क मराठीत म्हणाली, 'एवढा उशीर? चपला बाहेर काढ.' माझाच सूर, ठकू. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी तुमच्यावर जशी खेकसायचे तो सूर तिच्या तोंडात जसाच्या तसा राहिलाय. दादाच्या केसांतून हात फिरवून तिने त्याला विचारलं, टक्कल कुणी पाडलं? आणि मग माझ्यामागे बोळात बघत राहिली. अजून कुणी येतंय का म्हणून. ठकूला रजा मिळाली नाही, असं मी म्हटलं.

तिने चहा केला. कसं चाललंय ते सांगितलं. आपल्यानंतर आलेल्या कुटुंबाकडे तिने वर्षभर काम केलं, मग तिला मुलं सांभाळणं नको वाटलं आणि ती शिंप्याकडे काजं-बटणं करायला लागली. शर्ट रडत नाही, म्हणाली. तुझ्या सँडल तिने महिनाभर ठेवल्या आणि मग शेजारच्या मुलीला देऊन टाकल्या, चांगली वस्तू पाय वाढल्यावर कुणाच्या उपयोगाची. आणि मग तिने कप खाली ठेवला आणि बाबांना म्हणाली, 'अहो, मी त्या दिवशी आले होते. पण बोट नव्हती. बाई दीड म्हणाली असेल आणि मी अडीच ऐकलं. इतकं शिकवलं तिने, तरी ऐन वेळी माझं डोकं चुकलं.' ती हे माफी मागितल्यासारखी सांगत होती. अठ्ठावीस वर्षं ती स्वतःला बोल लावत होती, आणि मी समोर बसून चहा पीत होते. बाबा हसले. 'माऊ, दीड-अडीच तुला कधी जमलंच नाही!' दादा हसला. ती पण हसली. मी पण हसले. मग बाबांचं हसू मध्येच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. गेले चार दिवस ते माझ्याशी फार जपून, परक्या बाईशी बोलावं तसं बोलताहेत. विचारत मात्र नाहीत. तुला सांगितल्यावर मी त्यांना सांगणार आहे.

काल दुपारी बाबा आणि दादा कारखान्यात गेले तेव्हा मी एकटी तिच्याकडे गेले. बोळात दोनदा मागे फिरले. आत गेल्यावर बसलेही नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं, की तू चुकली नव्हतीस, मी अडीचच म्हटलं होतं, मुद्दाम म्हटलं होतं. तिची सुई थांबली. मला वाटलं, आता ती ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने शर्ट मांडीवर ठेवला आणि विचारलं, 'म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं?' मी हो म्हटलं. 'मला अडीच येत होतं?' मी म्हटलं, येत होतं, माऊ. तिने चष्मा काढला, तो दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मी सांगत राहिले, माझी भीती, ते वॉर्डातलं, ते जेवतानाचं. तिने मला हाताने थांबवलं. 'पोरीला काय सांगितलंस?' मी तेही सांगितलं. म्हटलं, माऊला वेळ नाही असं पोरीला सांगितलं. तेव्हा ती उठली. माझ्या चपला उचलून तिने बोळात नेऊन ठेवल्या, नीट जोडीने, आणि दार लोटण्याआधी एवढंच म्हणाली, 'आधी तिकडे सांग. मग इकडे ये. तोवर येऊ नको.'

म्हणून हे पत्र. मला क्षमा कर असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. क्षमा मागायचा मला हक्क नाही. तुला यायचं असेल तर तिचा पत्ता दादाच्या फोनमध्ये आहे, शिंप्याच्या दुकानात माऊ म्हटलं की कुणीही दाखवेल. छोटीला घेऊन ये. माझं तोंड बघायचं नसेल तर तसं बाबांना कळव, मी आधीच्या विमानाने निघेन आणि इथल्या घराची किल्ली शेजारी ठेवेन. यायचं नसेल तर तेही तुझं तू ठरव. पण छोटीच्या आत्ताच्या बाईचे तीन महिने येत्या तीस तारखेला भरतात, तिला रजा देण्याआधी हे शेवटचं वाच, कारण ज्या गोष्टीवर तू तुझा नियम बांधलास ती गोष्ट मी रचलेली होती. माऊ तुला टाकून गेली नाही. तिनेच परवा चहा करताना सांगितलं, चांभाराकडून ती धावत निघाली, दोन्ही सँडल पुसून हातात घेऊन धक्क्यावर पोचली तेव्हा दोन वाजले होते. ती आली होती, ठकू. मी सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी आली होती.

तुझीच,
आई